कोणाला विचारून पुसलंत?

डिस्क ९७ टक्के भरली होती, हे मला मान्य आहे. बिल्ड मध्येच मरत होते, अर्धवट चढलेल्या फाइली तशाच पडून होत्या आणि प्रोजेक्टचं सबमिशन तोंडावर आलं होतं, हेही मान्य. पण त्यावर तुम्ही काय केलंत? सर्व्हरवर लॉगिन केलंत, रिपॉझिटरीच्या पूल फोल्डरमध्ये शिरलात आणि फाइंड कमांडला सांगितलंत, ९० दिवसांहून जुनी दिसेल ती फाइल पुसून टाक. ग्रुपवर 'जागा झाली' असा निरोप टाकून घरी गेलात. दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी नव्याने मांडलेल्या मशीनवर काहीही इन्स्टॉल होईना. एपीटी मागेल त्या पॅकेजला सर्व्हरचं उत्तर एकच: ४०४.

कमांड कोणी टाइप केली ते मला ठाऊक आहे. नाव घेणार नाही, कारण तेव्हा शेजारी चौघे उभे होते आणि एकानेही त्याचा हात धरला नाही. तेव्हा बोलणी सगळ्यांनी खायची आहेत.

आधी मला सांगा, ९० हा आकडा आला कुठून? कोणत्या हिशेबाने? फाइल शेवटची कधी लिहिली गेली, एवढंच ती तारीख सांगते. ती फाइल कोणाला लागते, याचा तिच्यात उल्लेखही नसतो. शिवाय आर-सिंकने वेळ जपून आणलेल्या फाइलीवर मूळ तारीखच राहते, म्हणजे काल सर्व्हरवर आलेलं पॅकेजसुद्धा दोन वर्षांचं दिसू शकतं. आणि जी लायब्ररी नीट लिहून पुरी झाली आहे, जिच्यात बदल करण्यासारखं काही उरलेलं नाही, ती जुनीच दिसणार. तिचा गुन्हा काय? ती चांगली होती हाच?

मागच्या वर्षी मी तुम्हाला लेफ्ट-पॅडचं प्रकरण शिकवलं होतं. मार्च २०१६. एनपीएमवरचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज. मजकुराच्या डाव्या बाजूला जागा किंवा शून्यं भरून त्याची लांबी पुरी करायची, एवढंच त्याचं काम. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, लेखकाने चिडून आपली सगळी पॅकेजेस मागे घेतली आणि बॅबेल, रिअ‍ॅक्ट वापरणाऱ्या जगभरच्या टीमचे बिल्ड कोसळले. त्यातल्या कित्येकांनी लेफ्ट-पॅड हे नावही ऐकलेलं नव्हतं. ते त्यांच्या डिपेन्डन्सीच्या डिपेन्डन्सीच्या पोटात बसलेलं होतं. एनपीएमला ते पॅकेज परत आणावं लागलं आणि पुढे नियम बदलावे लागले. आज तिथे प्रकाशित होऊन ७२ तास उलटलेलं पॅकेज कडक अटी पुऱ्या केल्याशिवाय काढता येत नाही, आणि ज्यावर तिथलं दुसरं पॅकेज अवलंबून आहे ते लेखकाला परस्पर काढताच येत नाही. परीक्षेत यावर तुम्ही पानभर उत्तरं लिहिलीत आणि मार्क घेतलेत. सर्व्हरवर बसताना ते सगळं कुठे ठेवून आलात?

तुमच्यातल्या एकीने मला येऊन सांगितलं की, सर, आम्ही नुसती तारीख नव्हती पाहिली, वेब सर्व्हरचा लॉगही पाहिला होता. त्या फाइली कित्येक महिन्यांत कोणी डाउनलोडच केल्या नव्हत्या. हा बचाव ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच त्यावर जरा थांबतो. डाउनलोड झालं नाही म्हणजे वापर नाही, हे कशावरून? आपल्या बिल्ड मशीनपुढे कॅश बसवलेला आहे. एकदा आणलेलं पॅकेज तिथेच राहतं. मेव्हन आपल्या फोल्डरात जार जपून ठेवतं, पिप स्वतःचा कॅश ठेवतं, डॉकर बिल्डचे थर ठेवतं. एखादं पॅकेज रोज रात्रीच्या बिल्डला लागत असलं तरी मूळ रिपॉझिटरीकडे त्याची मागणी महिनोन्महिने येत नाही. म्हणजे जे सगळ्यांत स्थिर आणि सगळ्यांत जास्त वापरात, नेमकं तेच तुमच्या लॉगमध्ये दिसत नाही. मग एक दिवस कॅश रिकामा होतो किंवा नवं मशीन येतं, आणि तेव्हा कळतं. तुमच्या बाबतीत दुसऱ्याच दिवशी कळलं, हे आपलं नशीब. परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं असतं तर? नेक्सस, आर्टिफॅक्टरी यांसारख्या रिपॉझिटरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही 'शेवटचं डाउनलोड' पाहायची सोय असते आणि ती उपयोगाची आहे. पण संशयितांची यादी काढण्यापुरती. तिच्या भरवशावर निकाल देता येत नाही.

या खात्यातली मोडकी खुर्ची फेकायची असली तरी काय करावं लागतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. डेडस्टॉक रजिस्टरातली नोंद काढायची, निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, समितीने ती खुर्ची डोळ्यांनी पाहायची, सह्या व्हायच्या आणि मगच ती दाराबाहेर जायची. ज्या पॅकेजवर सहा प्रोजेक्ट उभे आहेत ते पुसताना तुम्ही एक ओळही लिहून ठेवली नाहीत. काय काय गेलं याची यादी मागितली तर ती नाही. पुसण्याआधी नुसतं छापून पाहिलं असतं तरी यादी मिळाली असती; फाइंडला डिलीटच्या जागी प्रिंट म्हणायचं, एका शब्दाचा फरक.

आता ४०४ का आलं ते बघू. तुमच्यातल्या निम्म्यांना अजूनही वाटतंय की सर्व्हर बिघडला. सर्व्हर ठणठणीत आहे. एपीटीची रिपॉझिटरी म्हणजे फाइलींचा ढीग नव्हे. पूलमध्ये पॅकेजेस असतात, डिस्ट्समध्ये त्यांचा इंडेक्स असतो. पॅकेजेस नावाच्या फाइलीत प्रत्येक पॅकेजचा पत्ता, आकार आणि चेकसम लिहिलेला असतो. त्या फाइलीचा चेकसम रिलीज फाइलीत असतो आणि रिलीजवर आपल्या किल्लीची सही असते. क्लायंट विश्वास ठेवतो तो या साखळीवर. तुम्ही पूलमधली फाइल उडवलीत, पण इंडेक्स सही-शिक्क्यानिशी सांगतोच आहे की ती आहे. आपली रिपॉझिटरी सांभाळणाऱ्या रेप्रेप्रोच्या डेटाबेसला तर तुम्ही काय केलंत याचा पत्ताच नाही. त्याच्याकडे पॅकेज काढायची स्वतःची कमांड आहे, कशालाच न जोडलेल्या फाइलींची यादी देणारी कमांड आहे, पूलमधलं काय हरवलं ते तपासणारीही आहे. मॅन्युअल उघडून पाहायला किती वेळ लागला असता?

काढण्याचा क्रमही ठरलेला आहे आणि तो घालण्याच्या उलटा आहे. नवं पॅकेज घालताना आधी फाइल, मग इंडेक्स. काढताना आधी इंडेक्समधून नाव काढायचं, नवा इंडेक्स सही करून बाहेर पाठवायचा, मग थांबायचं आणि सगळ्यात शेवटी फाइल पुसायची. थांबायचं अशासाठी की तासाभरापूर्वी जुना इंडेक्स घेतलेलं मशीन अजून डाउनलोडच्या मध्यावर असू शकतं. डेबियनचे मिरर हाच क्रम पाळतात: पहिल्या फेरीत नव्या फाइली आणतात, इंडेक्स आणि पुसापुशी नंतरच्या फेरीत. डेबियनचं आर्काइव्ह सांभाळणाऱ्या 'डाक' या सॉफ्टवेअरमध्ये या थांबण्यासाठी वेगळी सेटिंगच आहे. तिथे एखादं पॅकेज काढायचं असेल तर रीतसर विनंती नोंदवावी लागते. डाकला आधी काहीही न करता नुसतं तपासायला सांगता येतं आणि हे काढलं तर कोणाकोणाची डिपेन्डन्सी तुटेल, ते तो सांगतो. आणि एवढं करून काढलेलं पॅकेजही स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्गवर तारखेनिशी सापडतं. संपूर्ण जुन्या रिलीजसाठी आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्ग आहे, सेंटओएसचं व्हॉल्ट आहे. जगातली मोठी कोठारं सांभाळणारी माणसं इतकी जपून पावलं टाकतात आणि तुम्ही एका ओळीत मोकळे होता.

मग पुसायचं ठरवायचं कसं? उलट बाजूने. काय जुनं आहे ते शोधत बसू नका; काय जिवंत आहे ते आधी ठरवा. आज प्रयोगशाळेच्या मशीनवर जे चालू आहे ते जिवंत. त्याच्या आधीचं व्हर्जनही जिवंत, कारण नवं बिघडलं की मागे यायला तेच लागतं. प्रोजेक्टच्या लॉक फाइलींमध्ये ज्यांची नावं आहेत ती जिवंत, मग तो प्रोजेक्ट दोन महिने कोणी उघडलेला नसला तरी. या सगळ्यांना चालायला जे लागतं ते जिवंत, आणि त्यांना बिल्ड व्हायला जे लागतं तेही जिवंत. हा शेवटचा भाग हमखास निसटतो: चालताना कंपायलर आणि हेडरची पॅकेजेस लागत नाहीत, म्हणून ती निरुपयोगी वाटतात, पुन्हा बिल्ड करायची वेळ आली की हात चोळत बसावं लागतं. निक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये कचरा काढण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे. मुळं ठरवायची, मुळांपासून जिथवर पोचता येतं तिथवर सगळं राखायचं, उरलं तेवढंच काढायचं. तिथेही बिल्डसाठी लागणाऱ्या गोष्टी राखायच्या असतील तर ते वेगळं सांगावं लागतं. वय हा निकष त्या उरलेल्यांवर लावा, खुशाल लावा.

सोर्सचंही तेच. गेल्या वर्षी एका गटाने बाहेरच्या संस्थेला रास्पबेरी पायवर चालणारं यंत्र करून दिलं, त्यात जीपीएलखालचे प्रोग्राम बायनरी रूपात गेलेले आहेत. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे सोर्स सोबत न देता मागितल्यावर देऊ असं लेखी कळवलं असेल, तर ते वचन किमान तीन वर्षं पाळावं लागतं. तुम्ही सोर्स पॅकेजेस पुसलीत. त्या संस्थेने उद्या मागितली तर पत्राला उत्तर मी देणार आहे, तुम्ही नाही.

आणि डॉकर रजिस्ट्री. पूलमध्ये जागा पुरेशी झाली नाही म्हणून तुम्ही तिकडे वळलात. स्क्रिप्टने टॅग नसलेली मॅनिफेस्ट शोधली आणि पुसली. टॅग नाही म्हणजे बेवारस, असा तुमचा समज. आपल्या इमेज दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी आहेत, त्या तुम्हीच तर बांधल्या होत्यात! अशा इमेजमध्ये टॅग असतो तो वरच्या यादीला. त्या यादीत इंटेलसाठी एक मॅनिफेस्ट आणि एआरएमसाठी एक, आणि त्या दोघांवर टॅग नसतोच. तुम्ही यादी ठेवलीत आणि यादीतली माणसं घालवलीत. आता टॅग दिसतो, पुल केलं की इमेज सापडत नाही. एवढं करूनही डिस्कवरची जागा मोकळी झाली नाही, कारण मॅनिफेस्ट पुसल्याने थर लगेच जात नाहीत, त्यासाठी गार्बेज कलेक्शन वेगळं चालवावं लागतं. जागा हलत नाही असं दिसल्यावर तुम्ही थांबून कारण शोधायला हवं होतं. तुम्ही आणखी पुसत गेलात. शेवटी गार्बेज कलेक्शन चालवलंत ते रजिस्ट्री लिहिती असताना, दुसरा गट इमेज चढवत असताना. रजिस्ट्री बंद किंवा केवळ वाचनापुरती केल्याशिवाय ते चालवू नका, चढत्या इमेजचे थर पुसले जाऊ शकतात, असं कागदपत्रांत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे.

इथवरचं एक वेळ मी घाई म्हणून पोटात घातलं असतं. पण सकाळी चूक लक्षात आल्यावर जे केलंत, त्याला माफी नाही. गेलेली पॅकेजेस तुम्ही हाताशी असलेल्या सोर्सवरून पुन्हा बिल्ड केलीत आणि त्याच व्हर्जन नंबराने चढवलीत. कोणाला कळू नये म्हणून. आता प्रयोगशाळेत दोन मशीनना विचारलं तर दोन्ही १.४.२ सांगतात आणि दोन्हीवरच्या बायनरी वेगळ्या आहेत. कंपायलर मधल्या काळात बदललेला, बिल्डची वेळ वेगळी, आणि सोर्समध्ये तुमचे चार नवे बदल. एका मशीनवर प्रोग्राम चालतो, दुसऱ्यावर पडतो. आता यातलं खरं १.४.२ कोणतं, हे कोण शोधणार? सारख्या सोर्समधून तंतोतंत सारखी बायनरी निघावी यासाठी डेबियनची मंडळी २०१३ पासून रिप्रोड्युसिबल बिल्ड्सवर राबत आहेत, इतकं ते अवघड आहे. एकदा वापरलेलं नाव आणि व्हर्जन एनपीएम पुन्हा वापरू देत नाही, मूळ पॅकेज काढलेलं असलं तरी. पायपीआय पुसलेल्या फाइलीचं नाव पुन्हा स्वीकारत नाही. मेव्हन सेंट्रलवर गेलेलं व्हर्जन बदलता येत नाही. हे नियम उगाच केलेले नाहीत. सोर्स न बदलता नुसतं पुन्हा बिल्ड केलं तरी डेबियन नंबरापुढे अधिक बी-१ जोडतं, म्हणजे पाहणाऱ्याला कळावं की ही दुसरी बायनरी आहे. बिल्ड मशीनच्या कॅशमध्ये मूळ फाइली पडलेल्या होत्या. तुम्ही मला फोन केला असता तर त्या चेकसम जुळवून परत ठेवता आल्या असत्या. तुम्ही फोन केला नाहीत.

एकाने असंही म्हटलं की जुनी पॅकेजेस धोकादायक असतात, सुरक्षेसाठी ती काढायलाच हवीत. डिसेंबर २०२१ मधलं लॉग-फोर-जे आठवा. ज्या व्हर्जनमध्ये तो भयंकर दोष होता ती आजही मेव्हन सेंट्रलवर आहेत. दोष असलेलं पॅकेज नव्याने कोणी उचलू नये याचा बंदोबस्त करायचा असतो. त्याला यँक म्हणतात. पायपीआयवर यँक केलेलं व्हर्जन पिप आपणहून निवडत नाही, पण ज्याने नेमकं तेच मागितलं आहे त्याला देतं. फाइल समूळ नाहीशी केलीत तर कोणत्या यंत्रात काय गेलं होतं, ते पडताळून पाहायला काहीच उरत नाही. तुमच्या पुसण्यात सुरक्षेचा विचार नव्हताच. असता तर व्हर्जननिहाय कारण लिहिलेलं असतं.

हे ऐकून मागच्या बाकावरचे काहीजण ठरवतील की आता कशालाच हात लावायचा नाही. तेही चालणार नाही. डिस्क भरली की रिपॉझिटरी अर्धवट फाइली घेते आणि इंडेक्स अर्ध्यावर लिहिला जातो. ते नुकसान याहून मोठं असतं. आवरायला हवंच. पण जागा खात होतं कोण, हे तुम्ही पाहिलंत का? मी पाहिलं. रोज रात्रीचे आणि प्रत्येक कमिटचे बिल्ड. सगळे गेल्या दोन महिन्यांतले, म्हणजे तुमच्या ९० दिवसांच्या चाळणीतून एकही न पडणारे. खाणारे तसेच राहिले आणि कोपऱ्यात थोड्याशा जागेत बसलेली रिलीज पॅकेजेस गेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रात्रीचे बिल्ड आणि रिलीज एकाच पूलमध्ये ठेवू नका, असं मी सत्राच्या सुरुवातीला सांगितलं होतं. वेगळे असते तर रात्रीच्या बिल्डपैकी शेवटचे काही ठेवून बाकीचे आपोआप पुसता आले असते आणि कोणाचं काही अडलं नसतं. रिलीजच्या बाजूला असा आपोआप चालणारा झाडू मी लावू देणार नाही.

उद्यापासून पुसण्याचा अधिकार तुमच्या सगळ्यांकडच्या त्या एकाच टोकनवर राहणार नाही. चढवण्याचं टोकन वेगळं, पुसण्याचं वेगळं, आणि दुसरं दोघांच्या संमतीशिवाय चालणार नाही. जे काढायचं ते आधी इंडेक्समधून बाहेर येईल आणि वेगळ्या फोल्डरमध्ये चार आठवडे पडून राहील. फेडोराच्या कोजी या बिल्ड यंत्रणेत बेवारस बिल्डवर आधी ट्रॅशकॅनचा टॅग लागतो आणि मुदत सरल्यावरच तो पुसला जातो. आपणही तसंच करायचं. त्या चार आठवड्यांत एकदा कॅश पूर्ण रिकामा करून कोऱ्या मशीनवर सगळे प्रोजेक्ट पहिल्यापासून बिल्ड करायचे. काही मोडलं तर फाइल जागेवर परत. बॅकअप आहे असं मला तोंडी सांगायचं नाही. त्यातून एक पॅकेज परत आणून दाखवायचं.

तुम्ही पुन्हा बिल्ड करून चढवलेली पॅकेजेस मी आज दुपारी काढली आहेत आणि कॅशमधल्या मूळ फाइली परत ठेवल्या आहेत. ज्यांच्या सापडल्या नाहीत त्यांची यादी फळ्यावर आहे. सोमवारी सकाळी त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे ते कोण वापरतं, कशासाठी वापरतं आणि नवा नंबर काय देणार, हे लिहून माझ्या टेबलावर ठेवा. कमांड टाइप करणाऱ्याची सही त्यावर हवी, आणि शेजारी उभ्या राहिलेल्या चौघांचीही.